शब्द दिला म्हणजे दिला

अर्धापूरच्या शिवारात केळीचा सौदा पुष्कळदा तोंडीच होतो. व्यापारी बाग पाहतो, भाव ठरतो, थोडा इसार हातावर पडतो आणि काढणीचा दिवस सांगितला जातो. चार दिवसांत भाव कोसळला की मग व्यापाऱ्याचा फोन लागत नाही आणि घड झाडावरच पिकू लागतात. भाव चढला तर शेतकरी तीच बाग दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. दोघांचेही म्हणणे एकच, ‘धंद्यात असे चालतेच.’ या दोघांतही आपली माणसे आहेत. म्हणून आम्ही याला नुसता बाजाराचा प्रश्न मानत नाही. हा इमानाचा प्रश्न आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मुनाफिकाच्या ज्या तीन खुणा सांगितल्या, त्यांत खोटे बोलणे आणि अमानतीत खयानत करणे यांच्या जोडीला वचन मोडणे आहे. दिव्य कुरआनने (17:34) बजावले आहे की, दिलेल्या वचनाचा जाब द्यावा लागेल.

बद्रच्या लढाईआधी हजरत हुजैफा (र.) आणि त्यांचे वडील मदीनेकडे निघाले असता कुरैशांनी त्यांना अडवले. प्रेषितांच्या बाजूने लढणार नाही, असे वचन घेऊनच त्यांना सोडले. बद्रमध्ये मुसलमान जेमतेम तीनशेच्या वर होते, एकेक माणूस मोलाचा होता. तरीही प्रेषितांनी (स.) त्या दोघांना वचन पाळायला सांगितले. शब्द शत्रूला दिलेला होता, तोही अडचणीत सापडून. तरी तो शब्दच ठरला.

ही शिकवण फक्त आपलीच नाही. आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या मत्तयकृत शुभवर्तमानात (अध्याय 5) हजरत ईसा (अ.) यांचा उपदेश आहे की, शपथा खाऊ नका, तुमचा साधा होकार आणि साधा नकारच पुरेसा असावा. अशा ख्रिस्ती लोकांना दिलेला शब्द मुसलमानांनी कसा पाळला, तेही इतिहासात आहे. इ.स. 636 मध्ये यरमूकच्या लढाईपूर्वी हिम्स शहर सोडताना मुस्लिम सेनेने तेथील रहिवाशांचा कर परत केला. कारण ज्या संरक्षणासाठी तो घेतला होता, ते आता देता येणार नव्हते.

आता आपल्या घरात पाहू. निकाहात कबूल केलेला महर कितीजणांनी दिला? ‘बाजारातून आणतो’ असे मुलाला सांगून किती वेळा रिकाम्या हाताने आलो? आणि ‘इन्शाअल्लाह’? तो शब्द अल्लाहवर भिस्त ठेवून प्रयत्नाला लागण्यासाठी आहे. आपण मात्र नाही म्हणायचा संकोच वाटला की तो वापरतो.

कसम मोडली तर दहा गरिबांना जेवू घालणे, हा एक कफ्फारा आहे. पण सडलेल्या घडांचे नुकसान त्याने भरून निघत नाही. माणसाचा हक्क त्या माणसालाच द्यावा लागतो, नाहीतर त्याच्याकडून माफ करून घ्यावा लागतो.

म्हणून शब्द देण्याआधी आपली ऐपत पाहावी. खरोखरच जमत नसेल तर फोन बंद न ठेवता वेळेवर कळवावे, म्हणजे समोरच्याला दुसरी वाट शोधता येते. आणि भाव पडला तरी ठरल्या दिवशी बागेत हजर राहावे. त्या दिवशी पैशाचा तोटा होईल, पण आपल्या शब्दाची पत राहील.

अल्लाह आम्हा सर्वांना दिलेला शब्द पाळण्याची तौफीक देवो. आमीन.