सासूबाईंच्या स्मरणार्थ

देवळाच्या पायरीवर, शाळेच्या खोलीवर, एस.टी. स्टँडच्या बाकावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ ही अक्षरं आपण सगळ्याच वाचतो. आमच्या चर्चमध्येही ती आहेत. भिंतीवरच्या घड्याळावर आहेत, पंख्यांच्या पात्यांवर आहेत. उपासना चालू असताना पंखा फिरत असतो, तेव्हा नाव दिसत नाही. वीज गेली की मात्र सगळी नावं अगदी स्वच्छ वाचता येतात!

आमचं नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधलं, तालुक्याचं गाव. नगरला अमेरिकन मिशनरी आले १८३१ साली. तेव्हापासून या भागात खेडोपाडी मराठी ख्रिस्ती घरं आहेत. नाताळ आला की आमच्याकडेही करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या होतात, दारात चांदणी लागते. आणि वर्षभरात ज्या घरातलं कुणी गेलं असेल, ते घर त्या माणसाच्या नावानं नाताळात मंडळीला काहीतरी देतं. पाळकसाहेब उपासनेत ती नावं वाचून दाखवतात. पितृपक्षात तुम्ही गेलेल्या माणसाच्या नावानं चार पानं वाढता ना, त्याच्यापासून ही भावना काही फार लांबची नाही.

गेल्या नाताळात ती पाळी आमच्या घराची होती. सासूबाई त्याच वर्षी मार्चमध्ये गेल्या. दीर म्हणाले, “चर्चमध्ये आईच्या नावाची संगमरवरी पाटी लावू.” मी लगेच हो म्हटलं. खरं सांगते, त्या होकारात प्रेमापेक्षा टोचणी जास्त होती.

सासूबाई दरवर्षी दिवाळी सरली की गोधड्या शिवायला बसायच्या. जुनी लुगडी, धोतरं, विरलेल्या चादरी, सगळं त्यात जायचं. नाताळच्या आधी चार-पाच गोधड्या तयार व्हायच्या आणि त्या जायच्या साखर कारखान्याच्या रस्त्यावर, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर. एका वर्षी त्यांनी माझी एक साडी त्यात घातली. साडी विरली होती हे खरं, पण माहेरची होती. मी चिडून बोलून गेले, “लोकांच्या पोरांसाठी घरच्यांच्या साड्या फाडता!” त्या नाताळात आम्ही दोघी एकमेकींशी धड बोललो नाही. त्यांनी उलट शब्द काढला नाही. पुढच्या वर्षापासून फक्त स्वतःची लुगडी वापरली. माझी माफी मागायची राहूनच गेली. ती संगमरवरात मागता येईल, असं मला वाटत असावं.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांची ट्रंक आवरायला काढली. तळाशी अर्धी शिवलेली गोधडी होती. सुई तशीच खोचलेली, तिच्यात दोरा. मी ती उचलून दिरांसमोर ठेवली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “वहिनी, पाटीचं राहू द्या.”

बायबलात दुर्कस नावाच्या एका बाईची गोष्ट आहे. यापो गावात राहणारी, गोरगरिबांना कपडे शिवून देणारी. ती वारली, तेव्हा गावातल्या विधवा रडत पेत्राभोवती जमल्या आणि तिनं शिवलेले कपडे त्याला दाखवू लागल्या. पुढे ती जिवंत झाली असं बायबल सांगतं. पण मला दर वेळी थांबवतात त्या कपडे दाखवणाऱ्या बायका. दुर्कस कोण होती हे सांगायला त्यांना दुसरं काही लागलं नाही.

आमच्या महिला मंडळानं ती अर्धी गोधडी पुरी केली, आणखी पाच शिवल्या. आम्ही चौघी-पाचजणी त्या घेऊन कोप्यांवर गेलो. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. जोडीनं मुकादमाकडून उचल घ्यायची आणि जोडीनंच ती फेडायची. बाई पहाटे काळोखात उठून भाकरी थापते, लेकरू पाठीशी घेऊन फडात जाते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. तरी तिचा वेगळा कोयता धरत नाहीत. त्यांच्यातल्या एकीला मी सहज विचारलं, “अजून काय लागतं?” ती म्हणाली, “गोधडी चांगलीय ताई, पण पाऊस आला की वरून गळतं. मग गोधडी काय अन् आम्ही काय, सगळंच भिजतं. ताडपत्रीचं बघा जमलं तर.”

पाटीच्या पैशात ताडपत्र्या आल्या. मनात आलं, सासूबाई इतकी वर्षं त्या कोप्यांत जात होत्या, त्यांना हे ठाऊक असणार. त्यांच्यापाशी लुगडी होती, म्हणून त्यांनी लुगडी दिली. पैसे आमच्यापाशी होते, आणि आम्ही ते भिंतीला चिकटवायला निघालो होतो.

नाव लिहूच नये, असं माझं म्हणणं नाही. नाताळच्या उपासनेत पाळकसाहेबांनी सासूबाईंचं नाव घेतलं, तेव्हा मलाही रडू आवरलं नाही. आपलं माणूस चार लोकांच्या तोंडी यावं, असं कुणाला वाटत नाही? पंख्याचीही चर्चला गरज असते. पण आपण दिलेलं बरंचसं दान चर्चमध्ये येतं आणि तिथंच भिंतीला, छताला, खुर्चीला लागून राहतं. जो बाळ गोठ्यात जन्मला म्हणून आपण सण करतो, त्याच्यासारखी लेकरं चर्चपासून दोन कोसांवर उघड्यावर निजत असतात. देवळांत आणि मशिदींतही यापेक्षा फार वेगळं घडत असेल असं मला वाटत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, कुणाच्या स्मरणार्थ द्यायची वेळ आली, तर आधी त्या माणसाचे हात आठवा. ते हात काय करत होते? कुणाला वाढत होते, कुणाची फी भरत होते, कुणाच्या बाळंतपणाला धावत होते? त्यांचं अर्धं राहिलेलं काम शोधा आणि ते पुढं न्या. घेणाऱ्याला काय हवंय ते त्यालाच विचारा. देताना त्याला रांगेत उभं करून फोटो काढू नका. आणि एका वर्षावर थांबू नका, कारण आठवण काही एका वर्षात संपत नाही.

यंदा दिवाळी झाली आणि मी गोधडी घालायला बसले. तळाला अंथरायला पहिली साडी माझीच काढली. माहेरची.