दात लावण्याचे वय

कुत्र्याच्या पिल्लाचे 28 दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यात पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत 42 कायमचे दात येऊन तोंड भरते. हात धरणे, पायजम्याची टोके ओढणे, पट्टा तोंडात घेऊन झुंजणे या खोड्यांचा दोष तोवर शिवशिवणाऱ्या हिरड्यांना देता येतो. पुढे नाही. दहा महिन्यांचा लॅब्रॅडोर मनगट धरतो, कारण मनगट धरले की माणूस हलतो, ओरडतो, हात खेचतो, म्हणजे खेळ सुरू होतो, हे त्याला पक्के कळलेले असते. तरी दवाखान्यात या वयालाही ‘दात येताहेत, जाईल आपोआप’ हाच सल्ला मिळतो. तो चुकीचा आहे.

साधारण सहा महिने ते दीड वर्ष, मोठ्या जातींत दोन वर्षांपर्यंत, हा कुत्र्याचा वयात येण्याचा काळ. इंग्लंडमधील संशोधकांनी 2020 मध्ये मार्गदर्शक श्वान म्हणून वाढवल्या जाणाऱ्या लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकरित कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच महिन्यांच्या मानाने आठव्या महिन्यात ती सांभाळणाऱ्याची ‘बस’ ही आज्ञा कमी पाळत, परक्याची मात्र पाळत. अवज्ञा घरच्या माणसाशीच होते, आणि घरचे माणूस कोण, हा रायगडच्या किनाऱ्यावर साधा प्रश्न नाही.

मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईहून गाडीसकट अलिबाग तालुक्यात येणे सोपे झाले. किहीम, आवास, सासवणे, नागाव या गावांतील बंगल्यांवरच्या कुत्र्याचा आठवडा असा: सोमवार ते शुक्रवार वाडी राखणाऱ्या कुटुंबाबरोबर, बराच वेळ साखळीला; शुक्रवारी संध्याकाळपासून पाहुणे, मुले, आरडाओरडा, रात्रीची जागरणे. राखणदार दात लावू देत नाही, मालकाचा मुलगा हात तोंडात देऊन झोंबाझोंबी करतो. कधी मिळणारे आणि कधी न मिळणारे बक्षीस सवयीला सर्वांत चिवट करते. त्यात जागरण. पुरेशी झोप न मिळालेले तरुण कुत्रे तिन्हीसांजेला अधिकच दात लावते. दवाखान्यात कुत्रे घेऊन येतो तो मालक, सल्ला ऐकतो तोही मालक, आणि रविवारी बोटीने परत जातो तोही तोच.

गावठी कुत्र्याची अडचण वेगळी आहे. चाव्याचा जोर आवरणे पिल्लू तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यांत शिकते, सुरुवातीचे धडे आईकडून आणि भावंडांकडून. जोरात चावले की भावंड केकाटते, खेळ थांबतो. नारळी-पोफळीच्या वाडीवर राखणीसाठी मात्र महिन्याभराचे पिल्लूही उचलून आणले जाते. 2017 च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनी आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास मनाई केली. शेजारच्या वाडीवरून फुकट आणलेल्या पिल्लाला तो नियम गाठत नाही. असे कुत्रे वर्षाचे झाले की खेळातही दात खोल लावते.

तपासणीत पहिला प्रश्न असावा तो खेळ की चावा, हा. सैल अंग, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर, उड्या मारत धरणे आणि सोडणे, हा खेळ. ताठर अंग, स्थिर नजर, डोळ्याची पांढरी कड, भांड्याशी किंवा कोपऱ्यात दिलेला चावा, हा खेळ नव्हे. पशुवैद्यक इयान डनबार यांच्या सहा पायऱ्यांच्या मापात दात लागून कातडी न भेदणे ही दुसरी पायरी. तिसरीपासून दात आत शिरतात आणि प्रकरण घरगुती शिकवणीच्या बाहेर जाते. खोड अचानक वाढली असेल तर दुखणे शोधावे: पावसाळ्यातील दमटपणाने झालेला कानाचा संसर्ग, गोचिडांतून आलेला ताप, न पडलेला दुधाचा सुळा, जर्मन शेफर्डमध्ये वाढीच्या वयातील हाडांची सूज.

उपचार कंटाळवाणा आहे. दात लागताच हात खेचू नये, सैल ठेवावा. बोलणे, बघणे थांबवावे आणि जाळीच्या दारापलीकडे वीस-तीस सेकंद जाऊन परत यावे. सुरुवातीला खोड वाढते, आणि नेमके तेव्हाच लोक हार मानतात. जबडा दाबून धरणे, उताणे पाडणे याने शिस्त लागत नाही. दटावणीच्या अशा पद्धतींनी कुत्री उलटून अंगावर येतात, असे अमेरिकेतील 2009 च्या पाहणीत दिसले. नसबंदीला इतर सबळ कारणे आहेत, ही खोड त्यात मोडत नाही. चघळायला जाड रबरी खेळणे द्यावे. नारळाच्या सोडणाचे तंतू गिळले तर आतड्यात अडकतात. सुपारी तर नकोच. तिच्यातील अरेकोलीन एके काळी कुत्र्यांच्या पट्टकृमींवर औषध होते, पण तोंडाला येईल तितकी चघळलेली सुपारी म्हणजे लाळ, जुलाब आणि मंद नाडी. ओहोटीच्या वेळी लांब दोरीने वास घेऊ देत फिरवावे, मात्र मासे सुकवण्याच्या जागा आणि टाकलेल्या जाळ्या टाळाव्यात. तिथे पडलेला गळ सगळ्यात आधी सापडतो तो कुत्र्याच्या तोंडात.

रेबीजचा भाग वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत उघड्या त्वचेला दातांनी कुरतडणे किंवा रक्त न येणारा ओरखडा हा दुसरा वर्ग आहे, म्हणजे लसीचा. त्वचा भेदली तर तिसरा, आणि लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. कुत्र्याला लस दिलेली आहे एवढ्यावर माणसाची लस टाळायची की नाही, हे पशुवैद्यकाने ठरवू नये. तो निर्णय माणसांच्या डॉक्टरांचा. पशुवैद्यकाचे काम कुत्र्याच्या दहा दिवसांच्या निरीक्षणाचे. शनिवारी दात लागला तर त्यांतले पाच-सहा दिवस कुत्र्याजवळ राखणदारच असतो, म्हणून केसपेपरवर त्याचेही नाव आणि मोबाइल क्रमांक लिहून घ्यावा, आणि दात लावण्याबद्दलचा सल्ला त्यालाही फोनवर सांगावा.