किल्ली कुणाच्या हातात?

हौशी मोटारशर्यतीत उतरणाऱ्या पुरुषांची एक तक्रार नेहमी ऐकू येते : ‘घरच्यांना यात रसच नाही हो!’ आई घाबरते, बायको कंटाळते, मित्र एकदा येतात ते पुन्हा फिरकत नाहीत. मग त्यांना गोडी लावण्याच्या युक्त्या निघतात. रविवारची सहल म्हणून न्या, चटई घ्या, मुलांना टोप्या द्या, बायकोला फोटो काढायला सांगा!

एक साधी गोष्ट मात्र कुणालाच सुचत नाही. बायकोच्या हातात गाडीची किल्ली द्यावी.

गेल्या हिवाळ्यात शहराबाहेरच्या मैदानावर ऑटोक्रॉस पाहायला गेले होते. मातीत शंकू मांडून वाट आखलेली. एका वेळी एकच गाडी सुटते आणि घड्याळाशी झुंजते. मांडवात बसल्या होत्या बायका. पहाटे उठून केलेले डबे, पाण्याचे कॅन, मांडीवर पेंगणारी लेकरे आणि प्रत्येक वळणाला पोटात येणारा गोळा. शेजारच्या बाईंना विचारले, ‘तुम्ही चालवता का गाडी?’ म्हणाल्या, ‘लायसन्स आहे हो. पण हे म्हणतात, तू क्लच जाळशील.’ त्याच वेळी ‘हे’ मैदानात क्लचचे काय करत होते, ते आम्ही दोघी पाहतच होतो!

घरच्यांनी रस घ्यायचा म्हणजे काय, हे ठरून गेलेले आहे. टायरचा खर्च घरखर्चातून निघतो, रविवार सगळ्यांचा जातो, काळजी आईच्या आणि बायकोच्या वाट्याला येते. याला ‘घरच्यांचा पाठिंबा’ म्हणतात. हीच हौस मुलीने बोलून दाखवली तर? ‘हातपाय मोडून घेशील, मग लग्न कोण करील?’ म्हणजे भीती तीच. मुलाच्या बाबतीत तिची काळजी होते आणि मुलीच्या बाबतीत बंदी.

घराने खरोखर रस घेतला तर काय घडते? फ्रान्सची मिशेल मूताँ सुरुवातीला दुसऱ्याच्या शेजारी बसून वाट सांगायची. वडिलांनी तिला गाडी घेऊन दिली आणि स्वतःला सिद्ध करायला एक वर्ष दिले. १९८१ साली इटलीतील सान रेमो रॅली तिने जिंकली. रॅलीच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेतील फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री. शेजारी वाट सांगायला फाब्रित्सिया पोन्स होती, तीही बाईच! पुढच्या वर्षी मूताँ जगात दुसरी आली. आपल्याकडे पुण्याच्या डायना पुंडोले, दोन मुलांच्या आई, यांनी २०२४ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने उतरून राष्ट्रीय मोटारशर्यतीत सलून गटाचे अजिंक्यपद मिळवले.

‘ही तर पैसेवाल्यांची चैन, चळवळीला त्याचे काय?’ असे आपल्यातल्याच काही जणी म्हणतील. बंदिस्त ट्रॅकवरची शर्यत महाग आहे, हे खरेच. पण टीएसडी रॅलीला घरातली गाडी चालते. रस्ता नेहमीचा, वेग आयोजकांनी ठरवून दिलेला. उशिरा पोहोचलात तर दंड, लवकर पोहोचलात तरी दंड. इथे मनगटापेक्षा हिशोब लागतो, आणि अपुऱ्या पगारात महिना काढणाऱ्या बाईला हिशोब कुणी शिकवायला नको! घर सोडले तर कुटुंबातली सर्वांत महाग वस्तू बहुधा गाडीच असते. ती कुणाच्या नावावर, चाकामागे कोण आणि शेजारी कोण, हे सत्तेचेच प्रश्न आहेत. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. तेव्हाही पुरुष हसलेच होते.

महिला दिनाला बायकांच्या रॅल्या होतात. जरूर व्हाव्यात. पण तिथेही गाडीची सजावट आणि वेशभूषा यांना बक्षिसे का? पुरुषांच्या रॅलीत कुणी फेट्याला गुण देते का? आणि दुसऱ्या दिवशी ती किल्ली पुन्हा त्याच्याच खिशात जाते, त्याचे काय? नवऱ्याबरोबर रॅलीत उतरलेल्या बाईला जागा मिळते ती नॅव्हिगेटरची. काम कौशल्याचे आहे, पण वाट चुकली तर चूक तिची आणि चषक आला तर तो त्याचा!

मैत्रिणींनो, या खेळाची आपल्याला गोडी नाही, हा आरोप मान्य करू नका. न खेळता गोडी लागत नाही. पुढच्या वेळी ‘चल, मजा येईल’ असे तो म्हणाला, की आधी विचारा, ‘चालवणार कोण?’ एका रॅलीत तो, पुढच्या रॅलीत तुम्ही, असा करार करा. सरावाला रविवार मागून घ्या. मुलीला अठराव्या वर्षी लायसन्स काढून द्या आणि गाडीही चालवू द्या. मैत्रिणीला शेजारी बसवा.

आणि डबा? तो त्या दिवशी त्याने करावा. घरच्यांनी रस घेणे म्हणतात ते हेच.