वस्तीतला हातपंप आणि विद्यापीठातली प्रयोगशाळा

जिंतूर तालुक्यात येलदरीला पूर्णा नदी अडवली आहे. तिथून सुटलेले पूर्णेचे पाणी पुढे गोदावरीला मिळते आणि नांदेडच्या विष्णुपुरीपर्यंत जाते. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ याच विष्णुपुरीत आहे. 1994 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात जैवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूशास्त्र अशी विज्ञानाची वेगवेगळी संकुले आहेत. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. आपल्या तालुक्यातले पाणी विद्यापीठापर्यंत पोहोचते. विद्यापीठात त्या पाण्यावर, मातीवर, खडकावर होणारे संशोधन मात्र आपल्या वस्तीपर्यंत परत येत नाही, आणि आपली मुले-मुलीही त्या प्रयोगशाळांत फार थोड्या संख्येने दिसतात. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे.

आपल्या चळवळीत शिक्षणाची चर्चा बहुतेक वेळा तीन ठिकाणी थांबते: आरक्षण, शिष्यवृत्ती आणि स्पर्धा परीक्षा. गावोगावच्या बुद्धविहारांत अभ्यासिका उभ्या राहिल्या, ही मोठी कमाई आहे. पण त्या अभ्यासिकांत बहुतेक पुस्तके एमपीएससीची, पोलीस भरतीची, तलाठी भरतीची. पीएच.डी. करणारे आपले तरुण समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मराठी, इतिहास याच विषयांकडे अधिक वळतात. मी स्वतः समाजशास्त्राचा विद्यार्थी आहे, त्यामुळे या विषयांना कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. तरीही विचारायला हवे की ज्या जमिनीवर आपण राबतो आणि जे पाणी आपण पितो, त्यावर शास्त्रीय मत देणारे आपल्यातले किती जण आहेत?

पाण्याचे उदाहरण घेऊ. जिंतूरचा परिसर दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. या खडकात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते. म्हणून एका विहिरीला पाणी लागते आणि शंभर पावलांवरचे बोअर कोरडे जाते. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे खडक बदलतो, तिथे ग्रॅनाइट आहे. अशा खडकातून भूजलात फ्लोराइड उतरू शकते आणि ते वर्षानुवर्षे पोटात गेले तर दात आणि हाडे खराब होतात. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. नायट्रेटची मर्यादा 45 मिलिग्रॅम आहे. नायट्रेट येते ते मैला, शेणखत आणि युरिया यांतून. ते तान्ह्या बाळांना सर्वाधिक घातक असते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड आणि नायट्रेट जात नाहीत.

आता हे समाजशास्त्राला जोडून पाहा. बौद्ध वस्ती गावकुसाबाहेर कशी गेली, हे आपल्याला कुणी सांगायला नको. अनेक गावांत ती उताराच्या बाजूला, नाल्याच्या काठाला आहे. गावाचे सांडपाणी जिकडे वाहते, तिकडेच आपला हातपंप. म्हणजे वस्तीची जागा जातीने ठरवली आणि त्या जागेने पाण्यातले रसायन ठरवले. हा प्रश्न एकाच वेळी भूशास्त्राचा, रसायनशास्त्राचा, आरोग्याचा आणि जातीचा आहे. गावाच्या एका नमुन्यावरून ‘पाणी पिण्यायोग्य’ असा शेरा मिळतो, तेव्हा तो नमुना कोणत्या स्रोताचा होता, हे विचारणारा माणूस लागतो.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी शेण-गोमूत्र ओतून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानणाऱ्यांना त्या पाण्यात खरोखर काय आहे, हे तपासावेसे कधी वाटले नाही. महाडचा लढा पाण्यावरच्या हक्काचा होता. त्या पाण्यात काय आहे हे जाणण्याचा हक्क हा त्याच लढ्याचा पुढचा टप्पा आहे.

जमीन, बियाणे आणि भूकंप

विद्यापीठातले संशोधन सामान्य माणसाच्या कामाचे नसते, हा समज खोटा आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅट या संस्थेच्या साथीने ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण विकसित केले. 2018 मध्ये ते आले. या ज्वारीत लोह आणि जस्त जास्त आहे. शेतमजुरी करणाऱ्या आपल्या आयाबहिणींमध्ये रक्तक्षय किती आहे, हे कोणतीही आशाताई सांगेल. भाकरीतूनच लोह मिळावे, असा विचार प्रयोगशाळेत झाला. पण हे बियाणे आपल्या किती घरांत माहीत आहे?

भूकंपाचेही तेच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीने मराठवाड्याला शिकवले की स्थिर समजला जाणारा भूभागही हलतो. 21 मार्च आणि 10 जुलै 2024 रोजी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले आणि ते परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. अशा धक्क्यात सर्वाधिक धोका दगड-मातीच्या भिंतींच्या, डागडुजी न झालेल्या घरांना असतो. अशा घरांत कोण राहते, हे वेगळे सांगायला नको.

दार कुठे अडते?

मग आपले तरुण या क्षेत्रांत कमी का? पहिली अडचण पायाभूत आहे. तालुक्याच्या शाळा-महाविद्यालयांत प्रात्यक्षिके नीट होत नाहीत, विज्ञानाचे शिक्षक तासिका तत्त्वावर येतात आणि जातात. बारावीनंतर नीट आणि सीईटीत अडकलेला विद्यार्थी बी.एस्सी.ला ‘काहीच मिळाले नाही म्हणून’ येतो.

दुसरी अडचण पैशाची. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये झाली. त्याशिवाय विज्ञानाच्या संशोधकाला आकस्मिक खर्चासाठी पहिली दोन वर्षे मिळतात वर्षाला 12,000, म्हणजे महिन्याला 1,000 रुपये. रसायने, काचसामान, नमुन्यांच्या तपासणीचे शुल्क, प्रवास यांना ते पुरत नाहीत. अधिछात्रवृत्ती सहा महिने रखडली तर सामाजिक शास्त्राचा संशोधक उधारीवर वाचत तरी राहतो, विज्ञानाच्या संशोधकाचा प्रयोगच थांबतो.

बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आपल्या संशोधकांना पुण्यात आणि मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले, हे ताजे आहे. 2023 मध्ये राज्य सरकारने ‘समान धोरणा’च्या नावाखाली बार्टीच्या जागा वर्षाला 200 पर्यंत मर्यादित केल्या. त्याच वर्षी केंद्राने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा केला आणि पाच वर्षांत 50,000 कोटींचा आकडा जाहीर केला. त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून अपेक्षित होता. उद्योगाला जिथे नफा दिसतो तिथे तो पैसा देईल. जिंतूरच्या वस्तीतल्या हातपंपात त्याला काय नफा दिसणार?

आपण काय करू शकतो?

नव्या अभ्यासक्रमात पदवीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्र प्रकल्प आणि समाजाशी जोडलेले काम करावे लागते. ते बहुधा कागदावर उरकले जाते. आपल्या बी.एस्सी.च्या मुलामुलींनी महाविद्यालयाकडे आग्रह धरावा की आमचा प्रकल्प वस्तीच्या पाण्यावर असेल. गावातली आणि वस्तीतली पाण्याची ठिकाणे नकाशावर टाका, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर नमुने घ्या, आकडे शेजारी-शेजारी मांडा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे साधे संच हाताळायला शिकवायचे आहे. त्या पाचांत वस्तीतली एक तरी आहे का, हे ग्रामसभेत विचारा.

विद्यापीठाकडेही मागण्या कराव्या लागतील: अनुसूचित जातीचे किती संशोधक कोणत्या संकुलात आहेत, याची विषयवार माहिती दरवर्षी जाहीर करावी. चार जिल्ह्यांतील पाणी आणि माती यांवरच्या प्रबंधांचा मराठी सारांश संबंधित ग्रामपंचायतींना पाठवावा. बार्टीने विज्ञान शाखेसाठी आकस्मिक निधी वाढवावा आणि तो वेळेवर द्यावा.

बाबासाहेबांनी 1946 मध्ये सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात कलेबरोबर विज्ञानही होते. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी नद्या, धरणे आणि वीज यांचे नियोजन हाताळले. केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा ग्रंथ यांवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे सांगितले. ही पारखण्याची सवय आपल्या धम्माचा गाभा आहे. येत्या जयंतीच्या वर्गणीतून डीजेवरचा थोडा खर्च कमी करून वस्तीतल्या सगळ्या पाण्याच्या ठिकाणांची तपासणी करून घेता येईल. तो अहवाल विहाराच्या भिंतीवर लावा. पुढच्या ग्रामसभेत बोलताना हातात आकडा असेल.

जय भीम.