आठ डोळ्यांचा लाडोबा

दिवाळीच्या आधी घराघरांत जळमटं काढायचा दिवस येतो. लांब काठीला केरसुणी बांधली जाते, माळ्याचे कोनेकोपरे झाडले जातात. त्या धांदलीत खिडकीच्या चौकटीवरून करड्या रंगाचा, केसाळ, शेंगदाण्याएवढाही नसलेला एक जीव टुणकन उडी मारतो आणि पडद्यामागे जातो. त्याचा जळमटांशी काडीचाही संबंध नसतो. हा कोळी भक्ष्य पकडायला जाळं विणतच नाही. तो मांजरासारखा दबा धरतो, अंतर जोखतो आणि झेप घेतो. पण भाऊबंदांच्या कोळिष्टकांची शिक्षा त्यालाही भोगावी लागते. भरीला ‘कोळी अंगावरून गेला की पुरळ उठतं’ ही समजूत आहेच.

याच उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या कुळावर इंटरनेटवरची माणसं मात्र जीव ओवाळून टाकत असतात. त्याची चित्रं काढतात, लोकरीची बाहुली विणतात, डोक्यावर पाण्याचा थेंब टोपीसारखा घेऊन बसलेल्या कोळ्याचे फोटो जगभर फिरवतात. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये जोशुआ स्लाइस या अमेरिकी ॲनिमेटरने ‘लुकस द स्पायडर’ नावाची काही सेकंदांची फीत यूट्यूबवर टाकली. मोठाले डोळे, गुबगुबीत अंग आणि आवाज कुटुंबातल्याच एका लहानग्याचा. कोळी दिसला की खुर्चीवर चढणारी माणसंही लुकसच्या प्रेमात पडली. पाठोपाठ त्याच्या नावाची खेळणी आली, मालिका आली आणि चाहत्यांनी काढलेल्या चित्रांची तर रीघच लागली.

हे पाहून नाक मुरडणारेही पुष्कळ. ‘रिकामटेकड्यांचे उद्योग’ असा शेरा ठरलेला. विज्ञान हे गंभीर काम, त्यात ‘कित्ती गोड’ला जागा कुठली, असा हा आक्षेप. तो खोटा आहे. या कोळ्यांपुरतं तरी लाड करणाऱ्यांनी आणि चित्रं काढणाऱ्यांनी विज्ञानाचं काही बिघडवलेलं नाही, उलट त्याच्या पदरात बरंच टाकलं आहे. तक्रारच करायची तर ती दुसऱ्याच गोष्टींची करावी लागेल.

मुळात हा कोळी गोंडस का वाटतो? मोठं डोकं, समोर बघणारे मोठे डोळे, बसकं तोंड अशी ठेवण दिसली की माणसाच्या मनात तान्ह्या बाळासारखी माया दाटते, अशी मांडणी ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कॉनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये केली. या कोळ्याला आठ डोळे असतात, पण समोरचे दोन इतके मोठे की बाकीचे सहा चटकन नजरेत भरत नाहीत. शिवाय तो वळून बघतो. बोट पुढे केलं की पळून जाण्याआधी अंग वळवून बोटाकडे टक लावतो. आपल्याकडे कुणी बघितलं की माणूस विरघळतोच.

ते बघणं मात्र नाटकी नाही. त्या दोन डोळ्यांच्या मागे लांब नळ्या असतात. पुढचं भिंग जागचं हलत नाही, पण आतलं दृष्टिपटल स्नायूंनी इकडेतिकडे फिरवता येतं. म्हणजे डोळा स्थिर दिसत असला तरी आत नजर भिरभिरत असते. जपानमधल्या ओसाका शहरातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक साधा, पण नामी प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी हॅसेरियस ॲडन्सोनी या कोळ्याला आधी हिरव्या उजेडात माशीवर झेप घ्यायला लावलं आणि मग लाल उजेडात. हिरव्या उजेडात नेम बरोबर लागला. लाल उजेडात उडी अलीकडेच पडली.

कारण असं. या डोळ्याच्या दृष्टिपटलाला चार थर असतात. हिरव्या प्रकाशाला दाद देणाऱ्या दोन थरांपैकी एकावर चित्र रेखीव उमटतं, दुसऱ्यावर धूसर. ते किती धूसर आहे यावरून कोळी अंतराचा अंदाज बांधतो. उजेडाचा रंग बदलला की धूसरपणा बदलतो आणि हिशेब चुकतो. खोली मोजणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याची रचना करताना हार्वर्ड विद्यापीठातल्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये हीच युक्ती उचलली. आणि हा हॅसेरियस काही जपानचा दुर्मीळ रहिवासी नव्हे. उष्ण प्रदेशांत तो जगभर घरांच्या भिंतींवर वावरतो, भारतातही.

नवलाई इथेच संपत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका खगोलशास्त्रज्ञ बाईंच्या कार्यालयात छतावरून कोळी टपकू लागले. त्यावरून ट्विटरवर थट्टामस्करी सुरू झाली. लेझरचा ठिपका दाखवला तर ते मांजरीसारखे त्यामागे धावतील का? आणि मग, त्यांना आकाशातलं काय काय दिसत असेल? कोळ्यांच्या नजरेचे अभ्यासक नेथन मोरहाउस त्या गप्पांत उतरले आणि डोळ्याच्या मापांवरून हिशेब मांडून म्हणाले, चंद्र दिसायला हरकत नाही. गॅलिलिओच्या दुर्बिणीत जशी दोन भिंगं, तशीच काहीशी या डोळ्याची घडण आहे. थट्टेतून निघालेल्या प्रश्नाला असं पक्कं उत्तर मिळालं.

२०१८ मध्ये चीनच्या शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं की मुंगीचं सोंग घेणारी टॉक्सियस मॅग्नस ही कोळीण पिल्लांना चक्क दूध पाजते. त्या द्रवात गाईच्या दुधाच्या सुमारे चौपट प्रथिनं असतात आणि पहिले वीसेक दिवस पिल्लांचा निर्वाह त्यावरच चालतो. २०२२ मध्ये जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या डॅनिएला रोसलर यांनी बालकोळ्यांची रात्र चित्रित केली. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचं अंग पारदर्शक असल्यामुळे डोळ्यांच्या आतल्या नळ्यांची हालचाल बाहेरून दिसते. धाग्याला लटकून झोपलेल्या पिल्लांच्या त्या नळ्या ठरावीक वेळाने थरथरत होत्या आणि त्याच वेळी पाय आखडत होते. माणूस स्वप्न बघतो त्या झोपेशी जुळणारी ही अवस्था आहे. कोळ्याला स्वप्नं पडतात असा दावा अभ्यासात नाही, पण तो प्रश्न आता हसण्यावारी नेता येत नाही.

विज्ञान आणि भक्तिभाव यांची ही सोयरीक इंटरनेटने जुळवली असं मात्र नाही. अमेरिकेत मिलवॉकीला राहणारं जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम हे दांपत्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच कोळ्यांच्या प्रणयनृत्यांची टिपणं काढत होतं. रुडयार्ड किपलिंग यांचं ‘द जंगल बुक’ १८९४ मध्ये आलं आणि दोनच वर्षांत या जोडप्याने कोळ्यांच्या प्रजातींना बगीरा, अकेला, मेसुआ, नागैना अशी नावं देऊन टाकली. किपलिंगचा जन्म मुंबईचा, पुस्तकातलं जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचं आणि बगीरा किपलिंगी हा कोळी मात्र मेक्सिको-मध्य अमेरिकेतला. गंमत पुढेच आहे. २००९ मध्ये अभ्यासकांच्या लक्षात आलं की काळ्या बिबट्याचं नाव मिरवणारा हा शिकारी मुख्यतः शाकाहारी आहे! तो बाभळीच्या जातीतल्या एका झाडाच्या पानांच्या टोकांवरचे पौष्टिक कण खाऊन राहतो.

हा वारसा आपल्याकडेही पोचला आहे. गुजरातचे संशोधक ध्रुव प्रजापती यांनी २०१९ मध्ये एका नव्या कोळ्याला आपल्या आवडत्या क्रिकेटपटूचं नाव दिलं: मारेंगो सचिनतेंडुलकर. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या आणखी एका कोळ्याचं नामकरण झालं, आयसियस तुकारामी. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर गोळ्या झेलत दहशतवादी कसाबची बंदूक न सोडणारे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे, त्यांचं हे नाव. ही बातमी समाजमाध्यमांवर हजारोंनी एकमेकांना पाठवली. लोकलच्या गर्दीतून रोज ठाणे-कल्याण ओलांडणाऱ्या कित्येकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं असेल की त्या सिमेंटच्या पट्ट्यातही विज्ञानाला अनोळखी असलेला जीव राहत होता.

हौशी माणसाच्या हातून काय घडू शकतं याचा चोख नमुना ऑस्ट्रेलियात आहे. युर्गेन ओटो हे पेशाने गोचिडांच्या जातकुळीतल्या सूक्ष्म माइट्सचे अभ्यासक. रिकाम्या वेळेत त्यांनी चार-पाच मिलिमीटरच्या ‘मोर कोळ्या’चं चित्रीकरण सुरू केलं. नर पाठीवरचा रंगीत पंखा उभारून, पाय हलवून मादीपुढे नाचतो. आवडला तर ठीक, नाहीतर मादी त्याला खाऊनही टाकते. यूट्यूबवर या नाचाला लोकांनी निरनिराळी गाणी जोडली, चित्रकारांनी त्याला कागदावर उतरवलं आणि त्या वेडाने माणसं झुडपांत वाकून बघू लागली. त्यांच्यातल्या एका निरीक्षक महिलेने दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पाणथळ जागी टिपलेले फोटो फेसबुकवरच्या गटात टाकले. तोंडावर नारिंगी रंग आणि पांढरे पट्टे असलेला तो कोळी आजवर नोंदलेला नाही, हे जोसेफ शूबर्ट या तरुण तज्ज्ञाने ओळखलं. २०२१ मध्ये त्याला नाव मिळालं मारेटस निमो, ‘फाइंडिंग निमो’मधल्या माशावरून. म्हणजे फोटो हौसेचा, नाव चित्रपटाचं आणि शोध अस्सल विज्ञानाचा.

तेव्हा प्रश्न लाडाचा नाही. लाड कुठे जाऊन थांबतो, याचा आहे.

पहिला धोका बाजाराचा. आंध्र प्रदेशातल्या नंद्याल-गिद्दलूर भागातल्या जंगलाच्या एका छोट्या तुकड्यात निळाशार गुटी टॅरंट्युला हा कोळी राहतो. जगात दुसरीकडे कुठेही तो जंगलात आढळत नाही. १८९९ मध्ये गुटी इथे रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या नमुन्यावरून त्याचं वर्णन झालं आणि त्यानंतर शंभर वर्षं तो कुणाच्या नजरेस पडला नाही. २००१ मध्ये पुन्हा सापडला, २००८ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे आणि तरीही युरोप-अमेरिकेच्या पाळीव प्राण्यांच्या बाजारात त्याला मागणी आहे. त्याचं घर तुटतंय ते लाकूडतोडीने, पण सुंदर फोटो बघून ‘मलाही हवा’ म्हणणाऱ्यांनी त्याचा जाच वाढवलाच. त्याच्या प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली यायला २०१९ उजाडावं लागलं. प्रेमाची अभिव्यक्ती चित्र काढण्यात असेल तर कोळ्याचं काही बिघडत नाही. डबीत भरून घरी आणण्यात असेल तर सगळंच बिघडतं.

दुसरा धोका नवा आहे आणि जास्त चिवट आहे. २०२४ मध्ये गूगलवर मोराच्या पिल्लाचे फोटो शोधणाऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांचा ढीग दिसू लागला. पांढरंशुभ्र, कापसासारखं पिल्लू आणि त्याला इवलासा निळा पिसारा! मोराचं पिल्लू मळकट तपकिरी असतं, त्याला पिसारा बिसारा काही नसतो, हे खेड्यातल्या कुणालाही ठाऊक आहे. शहरातल्या मुलाला ते कुणी सांगायचं? चाहत्याने काढलेलं चित्र ‘मी चित्र आहे’ हे लपवत नाही. लुकस बोलतो, म्हणून कोळी बोलतात असं कुणी मानत नाही. हे नवं चित्र मात्र फोटोचं सोंग घेऊन येतं आणि खऱ्या पिल्लालाच खोटं ठरवतं. निसर्गात दूध पाजणारी कोळीण असताना कल्पनेतल्या गोंडस थापा खपवण्याची गरजच काय?

आणि तिसरी उणीव आपली, मराठीची. राज्य जैवविविधता मंडळाने फुलपाखरांना मराठी नावं दिली; २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉर्मन ‘निलवंत’ झालं. नाव मिळालं की ओळख होते आणि ओळख झाली की माणूस चिरडायला कचरतो. जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून अधिक जाती नोंदल्या आहेत. त्यांतलं उड्या मारणाऱ्यांचं कुळ सर्वांत मोठं, सहा हजारांहून जास्त जातींचं. २०२२ मध्ये जागतिक यादीत पन्नास हजारावी म्हणून नोंदली गेलेली जातही याच कुळातली, दक्षिण अमेरिकेतली. एवढ्या मोठ्या गोतावळ्याला रोजच्या मराठीत सर्वमान्य असं एक नाव नाही. फुलपाखरांसाठी जे झालं ते कोळ्यांसाठीही व्हावं. त्यात चित्रकार असावेत, शाळकरी मुलं असावीत आणि नावं सुचवण्याचा मान त्यांनाही मिळावा.

तोवर घरच्या घरी एक गोष्ट सहज जमण्यासारखी आहे. यंदा जळमटं काढताना खिडकीच्या चौकटीवर कुणी उडी मारली तर केरसुणी मिनिटभर खाली ठेवावी. तो वळून बघेल तेवढ्यात मोबाइलवर एक फोटो घ्यावा. घरातल्या मुलाला त्याचं चित्र काढायला सांगावं, डोळे मोजून आठच काढायला लावावेत. मग आयनॅचरलिस्टसारख्या ऑनलाइन नोंदवहीत तो फोटो गावाचं नाव आणि तारीख घालून चढवावा. आणि त्याला खिडकीतच राहू द्यावं; घरातल्या माश्या आणि डास तोच खातो.