हिरव्या मेणबत्तीचं पांढरं पोट

भाचीने पुण्यातल्या एका दुकानातून हिरवी मेणबत्ती आणली. वीतभर उंच, किंमत साडेतीनशे रुपये, आणि सोबत एक छापील तक्ता. हिरवी पैशासाठी, गुलाबी प्रेमासाठी, तांबडी धाडसासाठी, जांभळी अंतर्ज्ञानासाठी, काळी नजर काढायला. रिक्षातून उतरताना मेणबत्ती हातातून निसटली आणि मधोमध मोडली. आत पांढरंफेक पॅराफिन. हिरवेपणा नखाएवढ्या जाडीचा, वरून चढवलेला.

आता यात दुकानदाराने लबाडी केली असं मी म्हणणार नाही. मेणात रंग जास्त कालवला तर तो वातीत साचतो आणि ज्योत मंदावते. म्हणून पुष्कळ ठिकाणी पांढरी मेणबत्ती शेवटी रंगीत मेणात बुचकळून काढतात. ती झाली कारागिरी. माझं भांडण तक्त्याशी आहे.

तक्त्याच्या बाजूने पहिला मुद्दा येतो तो प्राचीनतेचा. हे हजारो वर्षांचं शास्त्र आहे म्हणे. कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला तो १८५६ नंतर, विल्यम पर्किनला लंडनमध्ये डांबरापासून जांभळा रंग सापडल्यावर. पॅराफिनही एकोणिसाव्या शतकातलंच. त्याआधी युरोपात गरिबाघरी जनावराच्या चरबीची बत्ती जळे आणि चर्चमध्ये मधमाशांचं मेण. दर इच्छेला वेगळा रंग ही चैन करणार कोण? आज हातोहात फिरणारे हे तक्ते ज्या घराण्यातले आहेत, त्याची दोन ठळक पुस्तकं अमेरिकेत छापलेली आहेत: हेन्री गामाश यांचं १९४२चं आणि रेमंड बकलंड यांचं १९७०चं. म्हणजे हे शास्त्र आमच्या आजीपेक्षा वयाने लहान.

हिरवा म्हणजे पैसा, हे समीकरण तर मला सरळसरळ डॉलरच्या नोटेवरून उचललेलं वाटतं. आपल्याकडे संपत्तीचा रंग पिवळा. जेजुरीला भंडारा उधळला की ती सोन्याची होते, हे पोरंसोरंही जाणतात. नोटांवरूनच रंग ठरवायचा तर आपल्या चलनात हिरवट म्हणावी अशी नोट वीस रुपयांची आहे. तेवढीच आकर्षित होणार असेल तर साडेतीनशे घालवण्यात काय हशील?

दुसरा मुद्दा जरा चलाख आहे. तो म्हणतो, परदेशी पुस्तकं सोडा, हे तर आपल्याच चक्रांचे रंग. अनाहत चक्र हिरवं, म्हणून हृदयासाठी हिरवी मेणबत्ती. मूळ ग्रंथच उघडावा. बंगालच्या पूर्णानंद यतींचं १५७७ सालचं ‘षट्चक्रनिरूपण’ आहे. जॉन वुडरॉफ यांच्या १९१९च्या इंग्रजी भाषांतरामुळे ते जगभर गेलं. त्यात अनाहताच्या पाकळ्या बंधूक फुलासारख्या, म्हणजे आपल्या दुपारीच्या फुलासारख्या लाल आहेत. मणिपूर भरल्या मेघाच्या रंगाचं, विशुद्ध धुरकट, आज्ञा चंद्रासारखं पांढरं. इंद्रधनुष्याचे सात रंग ओळीने सात चक्रांवर बसवले ते विसाव्या शतकात, पश्चिमेत. आपण आता तेच ‘प्राचीन भारतीय ज्ञान’ म्हणून विकत घेतो.

आणि ज्योत? मायकेल फॅरडे यांनी १८६०च्या नाताळात लंडनमध्ये मुलांपुढे मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. ज्योतीचा पिवळा उजेड तिच्यात तापून लकाकणाऱ्या काजळीच्या कणांचा असतो, हे त्यांनी तेव्हा करून दाखवलं. हिरवी लावा, काळी लावा, उजेड पिवळाच पडतो.

इथवर आलो की बुद्धिवादी मित्र खूश होतात. मग म्हणतात, सगळंच थोतांड, चर्चमधलं आणि विहारातलंसुद्धा. इथे मात्र माझा त्यांच्याशीही वाद आहे.

चर्चमध्येही रंगांना अर्थ असतो, हे खरंच आहे. नाताळाआधीच्या आगमनकाळात हिरव्या पानांच्या वेढ्यावर चार मेणबत्त्या लावतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. जांभळा पश्चात्तापाचा, गुलाबी तिसऱ्या रविवारची, वाट संपत आल्याच्या आनंदाची. पण या प्रथेचा उगम पाहा. १८३९ मध्ये हॅम्बुर्गजवळ योहान विखर्न हा पाद्री गरीब मुलांचा आश्रम चालवत होता. नाताळ कधी, असं मुलं रोज विचारत. त्याने गाडीच्या चाकावर वीस लहान तांबड्या आणि चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. रोज एक लहान, रविवारी मोठी. पुढे रंग बदलले, संख्या घटली, वाट पाहणं राहिलं. गुलाबी मेणबत्ती घरी लावा आणि आनंद खेचून आणा, असं तिथला पाद्री सांगत नाही. तिसरा रविवार आला, एवढंच ती सांगते. आणि ते कळतं, कारण समोरच्या सगळ्यांना ती भाषा येते. तक्त्यातला रंग एकट्याने, बंद खोलीत काम करायला ठेवलेला नोकर असतो. पूर्वी चर्चमध्ये मृतांसाठीच्या मिसेला पिवळसर मेणबत्त्या लावत, त्यांना तर कुणी रंगवलेलंही नसे. शोकाच्या दिवशी मेण उन्हात शुभ्र करायचं नाही, पोळ्यातून निघालं तसंच वापरायचं, हाच अर्थ.

वांद्र्याला मोतमावलीच्या जत्रेत जा. टेकडीच्या रस्त्यावर मेणाचे हात, पाय, बाळं, घरं मांडलेली असतात. गुडघा दुखतो त्याने पाय घ्यायचा, मूल हवं तिने बाळ. घेणाऱ्यांत हिंदूही ढिगाने. मेणाच्या पायाने गुडघा बरा होतो, याची वकिली मी करणार नाही. नवस हाही एक सौदाच, हे मान्य. पण कुठे दुखतं ते चारचौघांत हातात धरून चालत जाणं, हे तक्ता वाचून ‘समृद्धी’ मागण्याहून फार वेगळं आहे. माणूस तिथे आपलं दुखणं कबूल करतो. त्याला मी थोतांड म्हणू शकत नाही.

६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर तर रंगाचा प्रश्नच उरत नाही. गावोगावहून आलेली माणसं रात्रभर रांगेत असतात, पिशवीत फूल, अगरबत्ती, मेणबत्ती. मेणबत्ती पांढरी, किराणा दुकानातली, वीज गेल्यावर लावतो तीच. निळ्या झेंड्याचा मान केवढा, तरी निळी मेणबत्ती शोधत कुणी फिरत नाही. तिथे कुणी स्वतःसाठी काही मागायला आलेलं नसतं. आणलेलं जळून संपू द्यायचं, आणि परत जायचं. २ नोव्हेंबरला, ख्रिस्ती मृतांच्या स्मरणदिनी, वसईपासून गोव्यापर्यंतच्या दफनभूमींत थडग्याथडग्यांवर लागणाऱ्या मेणबत्त्याही याच जातीच्या.

तेव्हा मेणबत्ती जरूर लावा. आवडत असेल तर हिरवी लावा, दिवाणखान्याच्या पडद्यांना शोभेल ती लावा. ‘पूर्ण जळेपर्यंत विझवू नये’ असं लिहिलेलं असलं तरी झोपण्याआधी विझवा. पडद्याला आग लागायला मुहूर्त लागत नाही. तक्ता तेवढा दुकानातच ठेवून या.