यंत्राचा शब्द आणि पेढीची पत

व्यापारात शब्दाला काय मोल असते, हे आपल्या संघाच्या सभासदांस सांगावयास नको. दाणेबाजारात आजही हजारो रुपयांचे सौदे तोंडी होतात आणि पाळले जातात. परंतु आता पेढीच्या वतीने यंत्रही बोलू लागले आहे. त्याच्या शब्दाचा धनी कोण, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

गेल्या हंगामात आमच्या चिरंजिवांनी गिऱ्हाइकांस भ्रमणध्वनीवर उत्तरे देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र पेढीवर बसविले. एके दिवशी त्याने एका खरेदीदारास तूरडाळीचा भाव क्विंटलमागे २०० रुपयांनी कमी सांगितला. "चूक यंत्राची आहे, आपली नव्हे," असे चिरंजीव म्हणाले. आम्ही ४० क्विंटल माल सांगितल्या भावाने दिला. ८,००० रुपये गेले. पण मुनिमाने तो भाव सांगितला असता, तरी आम्ही हेच केले असते.

हाच प्रश्न कॅनडात न्यायासनापुढे आला होता. २०२२ मध्ये आजीच्या निधनामुळे प्रवासास निघालेल्या एका उतारूस एअर कॅनडा कंपनीच्या संकेतस्थळावरील यंत्राने सांगितले, की सवलतीचा अर्ज तिकीट काढल्यापासून ९० दिवसांत करता येईल. पुढे कंपनीने सवलत नाकारली आणि यंत्राच्या बोलण्यास आपण जबाबदार नाही, असा पवित्रा घेतला. २०२४ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणाने तो फेटाळून उतारूस भरपाई देवविली.

आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याने मुखत्याराच्या व्यवहाराची बांधिलकी मालकावर टाकली आहे. पण त्या कायद्यातील मुखत्यार ही व्यक्ती आहे. यंत्राची कल्पना त्या काळी कोणास असणार? केंद्र सरकारने २०२५ च्या नोव्हेंबरात कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तूर्त स्वतंत्र कायद्याची गरज नाही, असे त्यांत धोरण आहे. युरोपीय संघाचा कायदा मात्र १ ऑगस्ट २०२४ रोजी अस्तित्वात आला असून त्याचा अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. माणसाची कर्जाची पत यंत्राने ठरवावयाची, तर तीवर माणसाची देखरेख हवी, अशी अट त्यात आहे.

परवाने, साठ्याच्या मर्यादा आणि विवरणपत्रे यांनी जेरीस आलेल्या व्यापाऱ्याने आणखी एक कायदा का मागावा, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. लहान पेढीस तपासनिसांचा नवा जाच नकोच. आम्हांस हवे ते एक स्पष्ट कलम: ज्याने यंत्र कामास लावले, तो त्याच्या शब्दास बांधलेला. लोकांच्या कर्जाचा वा नोकरीचा निर्णय जेथे यंत्र करते, तेथे मात्र आपल्या वजनकाट्याप्रमाणे त्याचीही सरकारी पडताळणी व्हावी.

शासन कायदा करील तेव्हा करील. आपला धर्म कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही प्रकारच्या कृत्यांचा दोष आपल्याच माथी ठेवतो. यंत्राकडून करविलेले कृत्य कारितच होय. म्हणून आगामी सर्वसाधारण सभेत संघाने असा ठराव करावा, की सहज दिसणारी ढोबळ चूक वगळता यंत्राने सांगितलेला भाव सभासदाने पाळावा, आणि गिऱ्हाइकाने मागताच त्याची पेढीवरील जबाबदार माणसाशी गाठ घालून द्यावी. सभासद बंधूंनी याचा विचार करावा, एवढे नम्र निवेदन करून आम्ही रजा घेतो.